जुना कॅमेरा, लेन्स, फ्लॅश घेताय? आधी असं तपासून बघा

फिल्मचा किंवा जुन्या मॅन्युअल लेन्सचा नाद नुकताच लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठलं मॉडेल घेऊ?" मग दहा जण दहा नावं सांगतात आणि डोकं अजूनच गरगरतं. माझं मत विचाराल तर चाळीस-पन्नास वर्षं जुन्या वस्तूत मॉडेलपेक्षा समोरचा तो एक पीस कुठल्या अवस्थेत आहे हे जास्त बघायचं. नीट राखलेला साधा पेंटॅक्स के१००० हा शटर (फोटोपुरता उघडून मिटणारा पडदा) अडकणाऱ्या भारी कॅमेऱ्यापेक्षा कधीही बरा.

आणि दोष हे असणारच, ते गृहीत धरूनच जायचं. प्रत्येक दोष दिसला की तो कुठल्या खात्यात जातो तेवढं ठरवायचं: काही दोष सोडून द्यायचे, काही दुरुस्त होतात म्हणून भावात कापून घ्यायचे, आणि काही दिसले की वस्तू गपचूप खाली ठेवायची. हे खातं ओळखता आलं की अर्धं काम झालं.

सोबत काय न्यायचं

फार काही नाही. छोटा टॉर्च (मोबाइलचा चालेल), बॅटरीचं झाकण उघडायला एक नाणं, एलआर४४ ची दोन-तीन बटण सेल, फ्लॅशसाठी चार नवीन एए सेल, वाया गेलेला एक फिल्म रोल आणि जमल्यास साधा मल्टिमीटर. "सेल नव्हते म्हणून चेक नाही केलं" असं विकणारा म्हणाला तर आपल्या खिशातून सेल काढून द्यायचे. एलआर४४ ही काही दुर्मिळ चीज नाही, त्यामुळे चेक केलं नाही म्हणजे बऱ्याचदा केलंय आणि चाललं नाहीये असंच समजून भाव लावायचा.

ऑनलाइन घेत असाल तर चार गोष्टी आधीच मागून घ्या: बॅटरीच्या खणाचा फोटो, मागचं झाकण उघडून आतल्या फोमचा फोटो, लेन्समधून टॉर्च मारून काढलेला फोटो, आणि १ सेकंदावर शटर मारतानाचा आवाजासकट व्हिडिओ. द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

पायरी पहिली: बॉडी बाहेरून

व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) वरचा उंचवटा, चारही कोपरे आणि तळाची प्लेट बघा, पडलेला कॅमेरा इथे बोलतो. मग स्क्रू बघा. स्क्रूच्या खाचा कुरतडल्यासारख्या दिसल्या की कुणीतरी चुकीच्या पेचकसाने आत डोकावलंय, आणि आत काय करून ठेवलंय ते देवाला माहीत. ओरखडे, उडालेला रंग, चामड्याची निघालेली कड वगैरे खुशाल सोडून द्या, उलट भाव पाडायला कामी येतात.

बॅटरीचा खण नाण्याने उघडा. पांढरी-हिरवी पूड दिसली तर सेल आत गळलाय. वरवर असेल तर व्हिनेगरमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाच्या काडीने निघते, पण झाकणच जाम असेल किंवा आतली पट्टी खाऊन गेली असेल तर गळती वायरपर्यंत गेलेली असू शकते.

इथेच एक फरक समजून घ्या. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२, ऑलिम्पस ओएम-१ यांची शटर पूर्ण मेकॅनिकल, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी, सेल संपला तरी कॅमेरा फोटो काढतोच. १९७६ चा कॅनन एई-१ मात्र इलेक्ट्रॉनिक शटरचा, त्याला ६ व्होल्टची बॅटरी नसेल तर तो ढिम्म हलणार नाही, म्हणून बॅटरीशिवाय एई-१ बंद दिसला म्हणजे बिघडलेला असं नाही. निकॉन एफई२ हा या दोन्हींच्या मधला प्रकार, बॅटरीशिवाय तो १/२५० आणि बी (बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं) एवढ्यावरच चालतो.

पायरी दुसरी: मागचं झाकण उघडा

उघडल्या उघडल्या वास घ्या. कुबट वास आला तर लेन्स आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही जास्त बारकाईने बघायचे. मग झाकणाच्या खाचेतला काळा फोम टूथपिकने हलकेच दाबा. डांबरासारखा चिकटला किंवा भुगा पडला तर लाइट सील (उजेड आत शिरू न देणाऱ्या पट्ट्या) गेलेत. नवखे लोक इथे घाबरतात, पण सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्याचं हेच होतं. फोमच्या पट्ट्या विकत मिळतात, एका संध्याकाळचं काम आहे. आरशाच्या वरचा छोटा फोमही बघा, तो मऊ पडला की आरसा त्याला चिकटतो. ओएम-१ असेल तर व्ह्यूफाइंडरमधून नीट बघा, कारण त्याच्या प्रिझमला (उंचवट्यातल्या काचेला) लागून असलेला फोम कुजला की प्रिझमचा चांदीचा थर खातो आणि काळे डाग किंवा रेघ दिसते. फोटोत ते येत नाही पण रोज डोळ्यासमोर येतं, आणि प्रिझम बदलणं सोपं नाही.

शटरच्या पडद्याला बोट लावायचं नाही, नुसतं बघायचं. कापडी पडदा असेल तर सुरकुत्या आणि सुईएवढी भोकं शोधा (लेन्स काढून समोरून टॉर्च मारा, मागून अंधारात बघा, आरशाचा कॅमेरा असेल तर आरसा बोटाने हळूच वर धरून). धातूची पाती असतील तर ती सरळ आणि कोरडी हवीत, तेलाचा डाग नको.

पायरी तिसरी: शटर

खरी परीक्षा इथे आहे म्हणून इथे वेळ घालवा, विकणारा कंटाळला तरी चालेल.

लेन्स काढून, मागचं झाकण उघडं ठेवून कॅमेरा उजेडाच्या खिडकीकडे धरा आणि १ सेकंदापासून वरपर्यंत प्रत्येक स्पीड तीन-चारदा मारा. आधी नुसते कान द्या. १ सेकंद, अर्धा, पाव, हे कानाला वेगवेगळे कळायला हवेत. वापरात नसलेल्या कॅमेऱ्यांत जुनं वंगण घट्ट होतं आणि मंद स्पीड आधी आळशी होतात, १ सेकंदाला पडदा अर्ध्यात थबकतो, दहा-पंधरा वेळा मारल्यावर जरा सुटतो. म्हणजे सर्व्हिसिंग लागणार, भावात कापा. वरचे स्पीड डोळ्याने बघायचे: १/५०० आणि १/१००० ला अख्खी चौकट क्षणभर सारखी उजळायला हवी. एक बाजू काळी राहिली तर दोन पडद्यांचा वेग जुळत नाहीये, आणि फोटोतही ती बाजू काळीच येणार.

मोबाइलमध्ये स्लो मोशन असेल तर मोजूनच टाका. २४० फ्रेमच्या व्हिडिओत १ सेकंद म्हणजे २४० फ्रेम, १/१५ म्हणजे १६ फ्रेम, १/३० म्हणजे ८, १/६० म्हणजे ४. व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवत उजेड किती फ्रेम दिसला ते मोजायचं. १/१२५ च्या पुढे या पद्धतीत अर्थ उरत नाही. १/३० ला ८ ऐवजी १० फ्रेम आल्या तर काळजी नको, निगेटिव्ह फिल्म तेवढं सहज पचवते. स्लाइड फिल्म वापरणार असाल तर मात्र इतकी ढिलाई परवडत नाही.

शटर मारताना एई-१ मधून शिट्टीसारखा, कण्हल्यासारखा आवाज आला तर आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकलंय. प्रसिद्ध दुखणं आहे, होतं दुरुस्त. यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये उलटी गंमत, तिथे फिल्म ओढताना आतून "खट" असा आवाज यायलाच हवा, तो नसेल तर आतला रबराचा बारीक तुकडा कुजलाय आणि एक्सपोजर (फिल्मवर किती उजेड पडतो ते) गडबडणार. झोर्की किंवा फेड हे जुने सोव्हिएत कॅमेरे हातात आले तर आधी शटर कॉक करायचं (फिल्म ओढून ताणायचं), मगच स्पीडची चकती फिरवायची, उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. आणि जुन्या कॅमेऱ्याच्या सेल्फ टायमरच्या नादी लागूच नका, अडकला तर शटरसकट अडकतो.

पायरी चौथी: मीटर आणि फोकस

मीटर तपासायला मोबाइलवरचं लाइट मीटर ॲप पुरतं. एकसारख्या उजेडातली भिंत दोन्हीकडून मोजा, एकदा उन्हात, एकदा सावलीत. ॲप नसेल तर सनी सिक्स्टीन आहेच: कडक उन्हात आयएसओ (फिल्मची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ १६ (ॲपर्चर, म्हणजे लेन्समधल्या भोकाचा आकडा) आणि १/१२५ च्या आसपास रीडिंग यायला हवं. मीटर सगळीकडे सारखाच एक स्टॉप (दुप्पट किंवा निम्मा उजेड) चुकत असेल तर आयएसओची चकती तेवढी सरकवून भागतं. उन्हात बरोबर आणि सावलीत भलतंच, असं असेल तर तो मीटर नाही म्हणूनच धरा. त्यात काही रडायचं नाही, मोबाइल आहेच की.

जुन्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते, ते सेल आता बंद झालेत. त्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन टाकला की काही कॅमेऱ्यांत रीडिंग चुकतं. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ च्या आसपास देतो, रबरी रिंग लावून बसवतात, फक्त तो सील काढल्यावर काही आठवडेच टिकतो.

फोकससाठी रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) असेल तर लांबचा टॉवर किंवा चंद्र बघा, लेन्स अनंतावर ठेवली की दोन प्रतिमा एकावर एक बसायला हव्यात. आडवा फरक सहसा ॲडजस्ट होतो, उभा फरक जरा किचकट. एसएलआरची (आरशाच्या कॅमेऱ्याची) खात्री करायची तर घरी आणल्यावर फिल्मच्या जागी, रुळांवर, दुधी सेलोटेप ताणून लावा, शटर बी वर उघडं ठेवा आणि टेपवर उमटणारं चित्र व्ह्यूफाइंडरशी जुळतंय का बघा.

शेवटी वाया गेलेला रोल घाला. लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची चकती फिरायला हवी, फ्रेम काउंटर पुढे जायला हवा, आणि मधे घसरल्यासारखं वाटायला नको.

ऑलिम्पस म्यू २ सारख्या ऑटोफोकस कॉम्पॅक्टना हे सगळं लागू नाही. ते चालतात किंवा चालत नाहीत. आतलं इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर दुरुस्त करणारा मिळणं अवघड, म्हणून "थोडं काम आहे" म्हणत कुणी विकत असेल तर हात जोडायचे.

पायरी पाचवी: लेन्स

दोन्ही टोप्या काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि पुढून जरा तिरकं बघा. आता जे दिसेल त्याने घाबरून जाल, कारण टॉर्चसमोर चांगली लेन्ससुद्धा कचराकुंडी दिसते. धुळीचे कण? सोडा, फोटोत येत नाहीत. पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा? तोही सोडा. मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त नडतो, तिकडे नजर कडक ठेवा.

कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडीशी, बाहेरच्या काचेवर असेल तर साफ होते. मधोमध पसरलेली असेल तर साफ केल्यावरही कोटिंगवर (काचेवरच्या पातळ थरावर) तिचे ठसे राहतात, अशी लेन्स खाली ठेवा. अख्खी काच एकसारखी धुरकट दिसली तर तो हेझ, तेलाची वाफ बसून होतो. बऱ्याचदा निघतो, पण उघडणारा हात हवा, आणि तोवर उजेडाविरुद्ध फोटो फिके येत राहणार. कडेला इंद्रधनुषी रंग किंवा बुडबुड्यासारखी चकाकी दिसली तर दोन काचांमधला डिंक सुटतोय, हे घरी तर नाहीच आणि बाहेरही क्वचितच होतं. खाली ठेवा.

ॲपर्चरची पाती बघा. तेलाने चमकत असतील आणि लेन्स फिल्म एसएलआरवर लावायची असेल तर त्रास आहे, शटर उघडायच्या आत पाती बंद होत नाहीत आणि फोटो ओव्हर (जास्त उजळ) होतात. तीच लेन्स ॲडॅप्टरने मिररलेसवर (आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) लावणार असाल तर पाती आधीच हाताने बंद केलेली असतात, थोडं तेल चालून जातं. म्हणजे एकच दोष एकाला नडतो, दुसऱ्याला स्वस्तात लेन्स मिळवून देतो. एम४२ (स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या) लेन्सच्या मागची छोटी पिन दाबून सोडून बघा, पाती चटकन मिटायला आणि चटकन उघडायला हवीत.

फोकस रिंग जड असेल तर ग्रीस सुकलंय, दुरुस्त होईल. रिंग फिरवताना पुढचा भाग डुगडुगत असेल तर झीज किंवा निघालेला स्क्रू.

सुपर ताकुमार ५० मिमी एफ १.४ ची सात काचांची आवृत्ती मिळाली आणि काच चहासारखी पिवळी दिसली तर दचकू नका, तिच्या काचेत थोरियम (किरणोत्सारी धातू) आहे आणि त्यामुळे ती काळाने पिवळी पडते. काही दिवस अतिनील एलईडीखाली ठेवली की बरीच उजळते. त्यातला किरणोत्सार कमी असतो, नेहमीसारखी वापरा, फक्त काच घासणं-फोडणं असले उद्योग नकोत. हेलिओस ४४-२ तर नवख्यांची लाडकी, झाइसच्या बायोटार ५८ मिमी एफ २ वरून आलेली, मागची झाडी गोल गोल फिरवते. मला तो प्रकार पाच-सहा फोटोंनंतर कंटाळवाणा वाटतो पण शिकायला लेन्स उत्तम.

माउंटचं (लेन्स बॉडीला बसते त्या जोडाचं) गणित एकदा डोक्यात बसवा. एम४२ लेन्सला मागच्या कडेपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं, निकॉन एफला ४६.५. सोनी ई मध्ये हे अंतर १८ मिमी, निकॉन झेड मध्ये १६, कॅनन आरएफ मध्ये २०. उरलेली जागा ॲडॅप्टरची नळी भरून काढते, म्हणून मिररलेसवर जवळजवळ काहीही बसतं. कॅमेऱ्याच्या मेन्यूत "लेन्सशिवाय शटर" चालू करायला विसरू नका, नाहीतर लेन्सच खराब निघाली असं वाटतं. जुन्या निकॉन लेन्स १९७७ च्या आधीच्या, म्हणजे एआय (त्या वर्षी आलेली निकॉनची सुधारित जोडणी) नसलेल्या असतील तर त्या एफएम२ सारख्या बॉडीवर जबरदस्तीने चढवायच्या नाहीत, बॉडीचा खटका मोडतो.

मिररलेस सोबत असेल तर लांबच्या इमारतीचा एक फोटो ॲपर्चर पूर्ण उघडून काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ, तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच बाजू मऊ असेल तर आधी ॲडॅप्टर नीट बसलाय ना बघा, बसला असेल तर आतली काच सरकलीये.

पायरी सहावी: फ्लॅश

जुना फ्लॅश स्वस्त मिळतो म्हणून लोक न बघता उचलतात आणि हाच तुमचा डिजिटल कॅमेरा मारू शकतो.

कारण ट्रिगर व्होल्टेज. जुने फ्लॅश हॉटशूच्या (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) मधल्या पिनवर कधीकधी २०० व्होल्टच्या वर देतात. जुन्या मेकॅनिकल कॅमेऱ्याला त्याचं काही वाटत नाही, तिथे साधे धातूचे संपर्क असतात. डिजिटल बॉडीत नाजूक सर्किट असतं. काही डिजिटल बॉडीजची मर्यादा फक्त ६ व्होल्ट, काहींची २५०, म्हणून आपल्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल बघा. व्हिव्हिटार २८३ चंच घ्या, सुरुवातीच्या पीसवर २०० च्या वर आणि नंतरच्या पीसवर १० च्या आसपास, बाहेरून मात्र भावंडं. मोजायचं असं: फ्लॅश चालू करून रेडी दिवा लागू द्या, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, वरच्या रेंजला, लाल टोक पायाच्या मधल्या पिनला, काळं टोक बाजूच्या धातूच्या संपर्काला. आकडा जास्त आला तर तो फ्लॅश फिल्म कॅमेऱ्यालाच ठेवा. आणि काहीही झालं तरी फ्लॅश उघडायचा नाही, आतला कपॅसिटर ३०० व्होल्टच्या घरात चार्ज असतो आणि सेल काढल्यावरही झटका देतो.

वर्षानुवर्षं पडून असलेला फ्लॅश पहिल्यांदा चार्ज व्हायला खूप वेळ घेतो. लगेच नापास करू नका, चालू ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा, टेस्ट बटणाने काही वेळा मारा, वेळ कमी कमी होत गेला तर कपॅसिटर जागा होतोय. होतच नसेल, किंवा फ्लॅश गरम व्हायला लागला तर बंद करा आणि परत द्या.

ऑटो मोड असेल तर एक सोपी युक्ती. ऑटोवर ठेवून हाताभरावरच्या भिंतीवर मारा, रेडी दिवा जवळजवळ लगेच लागायला हवा कारण थोडीच ऊर्जा खर्च झाली. आता पुढचा बारीक सेन्सर बोटाने झाकून परत मारा, या वेळी पूर्ण ताकद जाईल आणि दिवा लागायला काही सेकंद लागतील. दोन्ही वेळा सारखंच झालं तर बहुधा ऑटो गेलंय, फ्लॅश मॅन्युअलवर चालेल.

गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले एफ नंबर. आयएसओ १०० ला ३२ असेल तर ४ मीटरवर एफ ८. झूम हेडच्या फ्लॅशवर तो आकडा बऱ्याचदा सगळ्यात लांबच्या झूमचा छापलेला असतो, ३५ मिमीला किती ते तक्त्यात शोधा. फिल्म कॅमेऱ्यावर वापरताना सिंक स्पीड (फ्लॅश ज्याच्याशी जुळतो तो सगळ्यात वरचा शटर स्पीड) बघा, आडव्या कापडी शटरला सहसा १/६० किंवा त्याखाली, एफएम२ ला सुरुवातीला १/२०० आणि नंतर १/२५०. सॉकेट दोन असतील तर एक्स लिहिलेलं वापरायचं, दुसरं जुन्या बल्बसाठी.

पायरी सातवी: टेस्ट रोल

परत करायची मुदत असेल तर पहिला रोल त्या आतच संपवा आणि तो रोल कलेसाठी नाही हे मनाशी ठरवा. आयएसओ २०० किंवा ४०० ची निगेटिव्ह घ्या, वहीत फ्रेम नंबरसमोर स्पीड आणि ॲपर्चर लिहा. मोकळ्या आकाशाचे दोन-तीन फोटो वरच्या स्पीडला, एकच दृश्य तेवढाच उजेड देणाऱ्या वेगवेगळ्या स्पीड-ॲपर्चरच्या जोड्यांनी, एक पूर्ण उघड्या ॲपर्चरला जवळचा चेहरा, एक अनंतावर, एक फ्लॅशचा. भर उन्हात कॅमेरा थोडा वेळ तसाच ठेवून द्या म्हणजे उजेडाची गळती असेल तर उघडी पडेल.

डेव्हलप करून आल्यावर स्कॅन नको, निगेटिव्ह खिडकीसमोर धरा. स्कॅनर सगळे एक्सपोजर सारखे करून ठेवतो आणि दोष झाकले जातात. एकाच दृश्याच्या फ्रेम सारख्याच गडद दिसायला हव्यात, एखादी वेगळी पडली तर वहीत बघा, तो स्पीड किंवा ते ॲपर्चर खोटं बोलतंय. फ्रेममधलं अंतर कमी-जास्त किंवा एकावर एक चढलेलं असेल तर ओढण्याची यंत्रणा. उजेडाचा पट्टा फ्रेमच्या बाहेर, कडेच्या भोकांपर्यंत गेला असेल तर मागचे सील बदला. पट्टा फ्रेमच्या आतच थांबत असेल तर सील बदलून उपयोग नाही, पडद्याला भोक आहे किंवा लेन्सच्या बाजूने उजेड येतोय, आणि मेकॅनिककडे जाताना तीच निगेटिव्ह सोबत न्या म्हणजे त्याला अंदाजाने अख्खा कॅमेरा उघडावा लागणार नाही.